पहिली, दुसरी आणि मधलं अक्षर

त्या गल्लीत नवखं माणूस आलं की आधी चक्रावून जायचं. शिडीवर एक उंच बाई ब्रश घेऊन उभी, खाली शिडीला मिठी मारून एक ठेंगणी बाई उभी, आणि खालची वरचीला ओरडून सांगतेय, "पहिली! पहिली! आता दुसरी!" जणू कसल्या शर्यतीचा निकाल लागतोय.

शर्यत नव्हती. वेलांट्या लागत होत्या.

दोघी मावसबहिणी. पाट्या रंगवायचा धंदा. दुकानांचे फलक, शाळांच्या भिंती, दवाखान्यांच्या वेळा, जे येईल ते. वरचीचं अक्षर असं, की रस्त्यानं जाणाऱ्यानं घाईत असूनही थांबावं, 'क'च्या पोटावरून नजर फिरवावी आणि मग पुढं जावं. पण ऱ्हस्व कुठं नि दीर्घ कुठं, याचा तिच्या डोक्यात नुसता आनंदीआनंद. म्हणून वेलांटीची जागा आली की तिचा ब्रश हवेत थांबायचा आणि खालून हाक यायची. अक्षराच्या आधी काढायची ती पहिली, अक्षराच्या मागून काढायची ती दुसरी.

गंमत अशी, की दोघींची नावंही तीच पडली होती. शाळेत बाईंनी ठेवलेली. ठेंगणी रोज घंटेच्या आधी पाव तास वर्गात, उंच रोज घंटेनंतर पाव तास. "तू पहिली वेलांटी," बाई ठेंगणीला म्हणाल्या, "अक्षराच्या आधीच हजर. आणि ही बया दुसरी. सगळं उरकल्यावर डुलत डुलत येणार." दुसरी खरं तर आठ महिन्यांनी मोठी, पण वर्गात कोण ऐकतं? मुलींनी गाणंच रचलं:

पहिली आधी येते, दुसरी मागं राही,
मधल्या अक्षराला झोप म्हणून नाही.

तेव्हापासून पस्तीस वर्षं लोटली. खरी नावं सरकारी कागदांपुरती उरली. एखादं नवं गिऱ्हाईक दबक्या आवाजात विचारायचं, "तुम्ही दुसरी? मग पहिली?"

"ही काय, शिडीखाली."

"आणि मग... साहेब?"

"साहेब म्हणजे मधलं अक्षर," दुसरी वरून सांगायची. "ते अजून यायचंय!" आणि शिडी हलेपर्यंत हसायची. पहिली खाली शिडी घट्ट धरून, कान लाल करून, पुढच्या वेलांटीची वाट बघायची.

दोघींमध्ये एक शब्द होता. शब्द कसला, तीन शब्द. मी आहे ना.

नऊ वर्षांची असताना पहिली पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढली होती. अर्ध्यावर गेली आणि गोठली. वर जाईना, खाली येईना. दुसरीनं तिला पाठुंगळी घेऊन उतरवलं आणि म्हणाली, "तू नको परत चढूस. मी आहे ना." त्याच वर्षी दुसरीची शुद्धलेखनाची वही लाल रेघांनी भरून आली. पहिलीनं रात्रीच्या जेवणाआधी ती अख्खी पुन्हा लिहून काढली आणि म्हणाली, "तू नको डोकं शिणवूस. मी आहे ना."

लहानपणी ते पांघरुणासारखं ऊबदार होतं. पुढं पुढं त्या पांघरुणात हात हलेनासे झाले.

पहिलीला एकदा शाळेत नोकरी लागली होती. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी दुसरी शिडीवरून पडली आणि घोटा सुजवून बसली. मुद्दाम पडली असं कुणी म्हणणार नाही. पण वीस वर्षांत ती पडली ती तेवढी एकदाच. नंतर पहिली समोरच्या परिचारिकेबरोबर संध्याकाळी फिरायला जाऊ लागली, तर बरोबर साडेपाचला दुसरीच्या पोटात दुखायला लागलं. फिरणं थांबलं, पोट थांबलं. पहिलीही काही साधी नव्हती. दुसरीनं मोठ्यांच्या लेखनवर्गात नाव घालायचं काढलं, तेव्हा दोन दिवस पहिली जेवताना एक अक्षर बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "कशाला त्या बाकावर बसायचं या वयात? मी आहे ना." नाव घातलं गेलं नाही.

आणि आता हे पत्र आलं होतं.

सहा तासांवरच्या एका मोठ्या छापखान्याचं. मुद्रितशोधक हवा होता. छापायच्या आधी मजकूर वाचायचा आणि चुका काढायच्या, एवढंच काम. पहिलीला वाटलं, हे म्हणजे मासळीला पोहायचे पैसे देण्यासारखं झालं. तिनं कुणाला न सांगता अर्ज टाकला होता, आणि उत्तर आलं होतं: या. शनिवारपर्यंत होकार टपालात टाका.

पत्र तिनं पिवळ्या रंगाच्या रिकाम्या डब्यात ठेवलं आणि दिवसातून चारदा डबा उघडून बघितलं. ते होतं तिथंच असायचं. जायचं तर होतं. छातीत कुणी हळूच दार ढकलल्यासारखं होत होतं. पण दुसरीचं काय? आपण गेलो की महिनाभरात गावभर चुकीच्या पाट्या लागतील, लोक हसतील, कामं जातील आणि ती बिछान्यावर पोट धरून पडेल. तसं झालं तर आपलं जाणं कसलं?

पण तसं होईलच का? हे तिला खरोखर माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तिनं दुसरीला एकही वेलांटी एकटीनं काढू दिली नव्हती. आणि एकदा हा प्रश्न डोक्यात शिरल्यावर तो कानात शिरलेल्या चिलटासारखा गुणगुणत राहिला.

बुधवारी मुलींच्या वसतिगृहाची भिंत रंगवायची होती. दारावरच्या भिंतीवर दोनच शब्द, पण हातभर उंचीचे: विद्यार्थिनी वसतिगृह. पहिलीनं ते शब्द मनात उलटसुलट करून बघितले. भल्याभल्यांना पाडणारे शब्द. 'विद्यार्थी' लिहिताना दुसरी वेलांटी, आणि 'विद्यार्थिनी' म्हटलं की तोच 'थी' गुपचूप आखडून पहिली घेतो. 'वसति' गृहाला जोडली की तिचीही पहिली. निम्म्या जगानं ती दुसरी रंगवून ठेवलीय. परीक्षा घ्यायची तर यापेक्षा चांगला पेपर मिळाला नसता.

सकाळी पहिली उठली आणि तिचा घसा बसला.

"काय झालं?" दुसरीनं विचारलं.

पहिलीनं गळ्याला हात लावून नुसती मान हलवली.

"अगोबाई! आवाजच गेला? मग आज कसं?"

पहिलीनं खुणेनं सांगितलं: तू जा.

"एकटी?" दुसरी तिच्याकडे बघत राहिली. मग डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली, "वेलांट्या कोण, तुझा काका सांगणार?"

पहिलीनं पांघरूण डोक्यावर ओढलं. आत तिचं काळीज असं उडत होतं, की पांघरूण हलतंय की काय याचीच तिला भीती वाटली.

वसतिगृहासमोर एक इस्त्रीचं दुकान होतं. दुसरी पोहोचून स्थिरस्थावर झाली असेल असा अंदाज घेऊन पहिली मागच्या बोळातून तिथं शिरली आणि टांगलेल्या शर्टांच्या रांगेमागं स्टुलावर बसली. इस्त्रीवाल्यानं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा रस्त्यापलीकडच्या शिडीकडे.

"ताई, आज तुम्ही खाली नाही?"

"श्श."

"भांडलात?"

"नाही हो. बघतेय."

"काय बघताय?"

"तेच तर बघतेय," पहिली कुजबुजली.  इस्त्रीवाल्यानं दोन शर्टांमधली फट जरा रुंद करून दिली.

पहिला धक्का शिडीचा होता. दुसरीनं शिडी भिंतीला टेकवली, खिडकीच्या गजाशी नेली आणि दोरीनं करकचून बांधली. एकदा हलवून बघितली. हलली नाही. झालं. वीस वर्षं उन्हातान्हात जी शिडी पहिलीनं दोन्ही हातांनी कवटाळली, तिच्यासाठी हातभर दोरी पुरत होती! हे आपल्याला कधी सुचलं नाही, की सुचू द्यायचं नव्हतं? पहिलीला दोरीचाच राग आला.

दुसरीनं खडूची पूड लावलेलं सूत ताणून भिंतीवर मारलं. टप्प. सरळ पांढरी रेघ उमटली. पेन्सिलीनं अक्षरांच्या जागा घेतल्या. मग निळ्या रंगात ब्रश बुडवून ती चढली.

'व'ची जागा आली. ब्रश हवेत थांबला.

शर्टांमागं पहिलीचे ओठ आपोआप उघडले. तिनं ते हातानं दाबून धरले.

दुसरीनं सवयीनं खाली बघितलं. खाली कुणी नव्हतं, नुसती दोरी. ती जरा वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं मान किंचित वाकडी केली, दुरून कसलं गाणं ऐकू येतंय का ते कान देऊन ऐकावं तशी, आणि ब्रश 'व'च्या अलीकडे टेकवला. पहिली. बरोबर!

"जमलं असेल चुकून," पहिली पुटपुटली.

"काय?" इस्त्रीवाला म्हणाला.

"काही नाही."

'द्या' झाला. पुढं 'र्थ' आला, खरा खड्डा इथं होता. ब्रश थांबला. दुसरीचा डावा हात मांडीवर ठेका धरू लागला आणि तोंडातून गुणगुण यायला लागली. रस्ता अरुंद होता. ऐकू येत होतं. पहिली पुढं झुकली. आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

दुसरी तिचं गाणं म्हणत होती. खालून येणाऱ्या हाका, त्याच सुरात, त्याच लयीत. पहिली, पहिली... दुसरी. 'दुसरी' म्हणायच्या आधी पहिलीला बारीकसा थांबायची सवय होती. तो थांबासुद्धा त्या गाण्यात होता. रस्त्यावर, भिंतीसमोर, इतकी वर्षं पडलेल्या हाका त्या बाईनं नियम म्हणून कधी घोकल्या नव्हत्या. पण काम करताना कानावर पडलेलं गाणं जसं अंगात भिनतं, तशा त्या भिनल्या होत्या. शब्दागणिक चाल.

'र्थि' पहिली. 'नी' दुसरी. मग दुसरा शब्द: व, स आणि 'ति'. पहिली.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत निळी अक्षरं भिंतीवर उभी होती. फक्त वरची शिरोरेषा राहिली होती. ती दुसरी नेहमी शेवटी ओढायची. त्याशिवाय अक्षरं मोकळ्या केसांनी उभ्या असलेल्या बायकांसारखी दिसत होती. पण एकही वेलांटी चुकलेली नव्हती.

दुसरी उतरली, डबा घेतला आणि वसतिगृहाच्या आत गेली.

पहिली स्टुलावर बसून राहिली. म्हणजे जाता येतं. अडत नाही. हेच तर बघायचं होतं ना? मग आनंद व्हायला हवा होता. तिनं स्वतःच्या आत डोकावून आनंद शोधला. तिथं एक नऊ वर्षांची मुलगी उभी होती आणि तिच्या हातातून कुणीतरी लाल रेघांची वही काढून घेत होतं.

त्यानंतर पहिलीनं जे केलं, ते ती जन्मात कुणाला सांगू शकली नसती, जर पकडली गेली नसती तर.

तिनं रस्ता ओलांडला. शिडीखाली ठेवलेलं फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं. ब्रश घेतला. 'ति'ची वेलांटी पुसायची आणि 'त'च्या मागं नवी काढायची, एवढंच. वसतीगृह. फक्त एक चूक. एवढीशी. म्हणजे उद्या अधीक्षक बाई बोलावतील, दुसरी कपाळाला हात लावेल आणि म्हणेल, बघ, तुझ्यावाचून...

डोळे त्या 'ति'वर ठेवून ती निघाली. ओलसर निळा रंग अजून चमकत होता. ती जवळ आली, आणखी जवळ आली, नाकासमोर आली. पहिलीनं फडकं उचललं.

"कोण गं ते वर?"

पहिलीनं खाली बघितलं.

खाली दुसरी उभी होती. एका हातात डबा, तोंडात घास. ती फार खाली होती. इतकी खाली ती कशी गेली, हे पहिलीला क्षणभर कळलंच नाही. मग पायाखालची पायरी कळली, आणि तिच्याखालच्या आठ पायऱ्या.

"पहिले! तू?" घास गिळून दुसरी ओरडली. "आणि घसा?"

"बरा आहे!" पहिली किंचाळली. तो किती ठणठणीत आहे ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

"मग वर काय करतेस?"

खोटं बोलायला पायाखाली जमीन लागते; तिथं नुसती एक पायरी होती. "चुकवतेय," पहिली म्हणाली.

"काय?"

"तुझी वेलांटी. तू पहिली काढलीस, मी दुसरी करतेय."

दुसरी डोळे बारीक करून बघत राहिली. मग भलतंच विचारलं. "म्हणजे बरोबर होती?"

"हो."

"खरंच? आणि ती 'र्थि'? मला तिथं घामच फुटला होता."

"तीपण."

"सगळं बरोबर?"

"सगळं."

दुसरी फुटपाथवर बसली आणि शर्यत जिंकल्यासारखी हसायला लागली. हसता हसता थांबली. "मग चुकवतेस कशाला गं, भवाने?"

"मला पत्र आलंय," पहिली शिडीला चिकटून म्हणाली. "छापखान्याचं. मुद्रितशोधकाची जागा आहे. सहा तासांवर. शनिवारपर्यंत कळवायचंय."

दुसरीच्या चेहऱ्यावरचं हसू उतरायला जरा वेळ लागला. "आणि घसा?"

"मला बघायचं होतं, माझ्यावाचून तुझं अडतं का."

"नाही अडलं."

"नाही."

"आणि ते बघून तू चुकवायला चढलीस?"

"हो."

समोर इस्त्रीवाला इस्त्री हातात धरूनच दारात आला होता.

"मला येतं हे मला कसं कळणार गं?" दुसरी एकदम ओरडली. ती ओरड रागाची होती, रडकी होती, कोण जाणे कसली होती. "तू कधी गप्प बसलीसच नाहीस!"

"आणि तू मला कधी चढू दिलंस?"

हे बोलली आणि पहिलीला आपण कुठं आहोत ते नीट समजलं.  भिंत हळूच झुकली.

दुसरीनं डबा टाकला आणि शिडीकडे धावली. तिचा एक पाय पहिल्या पायरीवर पडलासुद्धा. "हलू नकोस! मी आहे—"

आणि ती अडखळली.

वरून पहिलीला फक्त तिचं डोकं आणि तो पायरीवरचा निळ्या डागांचा पाय दिसत होता. तो पाय बराच वेळ तिथं होता. मग तो खाली गेला.

"शिडी बांधलीय," दुसरी म्हणाली. आवाज जरा फाटका होता. "आणि मी खालून धरलीपण आहे. खाली बघू नको, भिंतीकडे बघ. काय दिसतं?"

"ति."

"कशी आलीय?"

"छान आलीय," पहिली म्हणाली, आणि तिला रडू आलं. "पोट जरा मोठं झालंय, पण छान आलीय."

"पोट तुझं मोठं. शिरोरेषा राहिलीय बघ. हात पोहोचतोय तेवढी ओढ."

"मी?"

"मग काय इस्त्रीवाल्याला चढवू? ब्रश आहे ना हातात? चुकवायला घेतलास तसाच चालव. फक्त रंग ओघळू देऊ नको."

पहिलीनं ब्रश सुताच्या रेघेवर टेकवला. 'ति' आणि 'गृ', दोन अक्षरांच्या डोक्यावरून हात सरकला. रेघ मध्येच थरथरली आणि पुढं गेली.

"वाकडी आली."

"मी सरळ कर—" दुसरीनं जीभ चावली. "राहू दे. उतर आता. उजवा पाय आधी."

हे इथं संपलं असतं तर फार बरं झालं असतं, पण माणसं काही पाट्या नव्हेत. बुधवारी संध्याकाळी साडेपाचला दुसरीचं पोट दुखलं. गुरुवारीही दुखलं. पहिलीनं पत्राचा डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. गुरुवारी ती उठून गरम पाण्याची पिशवी आणायला निघाली आणि उंबऱ्यात थांबली. "पिशवी कपाटात आहे," ती म्हणाली.  मग मागं कपाट उघडल्याचा आवाज आला.

शुक्रवारी दुपारी पहिलीनं उत्तर लिहिलं: येते. दुसरी ब्रश धुवायचं सोडून आली आणि लिफाफा ओढून घेतला.

"पत्ता मी घालते. तुझं अक्षर मुंगीएवढं. पोस्टमन भिंग घेऊन फिरत नाही."

तिनं बारीक ब्रश घेतला. निळ्याच रंगात, जीभ दातांत धरून, पाटी रंगवावी तसा लिफाफा रंगवला. फुंकर मारून वाळवला. पहिलीनं हातात घेतला आणि पहिल्याच शब्दावर तिची नजर अडली.

प्रती.

'प्रति' हवं. पहिली वेलांटी. बाकीचा पत्ता सगळा बरोबर, आणि पहिलाच शब्द चुकलेला. कसं काय? मग तिच्या ध्यानात आलं. 'प्रति' हा पत्रातला शब्द. तो कधी कुणी भिंतीवर रंगवून घेत नाही. त्याची हाक तिनं दुसरीला कधी घातलीच नव्हती. त्याची चाल दुसरीला ठाऊक नव्हती.

खिशात पेन होतं. तिचा हात तिकडे गेला, आणि तिथंच राहिला.

दोघी कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत चालत गेल्या. पहिलीनं लिफाफा पेटीच्या तोंडात धरला. दुसरी पलीकडे बघत होती, गालाला निळा डाग. पहिलीनं बोटं सोडली. आत कागद पडल्याचा आवाज आला.

"टाकलंस?"

"टाकलं."

परत येताना दुसरी गुणगुणत होती. इस्त्रीच्या दुकानापाशी आली आणि गुणगुण तुटली. मान वाकडी करून ती थांबली, एकदा मांडीवर ठेका धरला, पुन्हा धरला.

"पहिले," ती म्हणाली. "त्या प्रतीची... ती पहिली होती का गं?"

पहिलीनं ओठ मिटून घेतले. फार जड गेलं.

"पहिलीच! अगं बाई माझे! आणि तुला दिसलं होतं! दिसलं होतं ना? बोलली का नाहीस?"

"गप्प बसून बघत होते."

दुसरीनं पेटीकडे वळून बघितलं, मग पहिलीकडे, आणि कपाळाला हात लावता लावता खदखदून हसायला लागली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "तिकडे चुका काढायला माणूस नाही, म्हणून तर तुला बोलावलंय. कळू दे त्यांना, लवकर हवीस म्हणून."